कपाशी फुटली की आणजो

सिस्टरनं तारीख सांगतलीच नाई. दीड महिन्याच्या माह्या आरूचं पोट तिनं बोटानं दाबून पाह्यलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाह्यली, अन् म्हणे, "आता लय लहान हाये वं. आता रक्त घेतलं त पक्कं समजत नाई. सहा महिन्याची होऊ दे. कपाशी फुटली की आणजो."

तवा आमच्या नाचणगावच्या वावरात कपाशी वीतभर होती. मी दवाखान्यातून आली अन् दुसऱ्या दिवसापासून कपाशी पाहाले लागली, लोकं घड्याळ पाह्यतात तशी. पाणी आलं, डवरणं झालं, पात्या, म्हंजे फुलाच्या कळ्या, लागल्या. घरातले सारे म्हणत, यंदा कपाशी जोरात हाये. अन् मी मनात म्हणो, हळू, बाई, हळू. कपाशीनं हळू वाढावं असं म्हणणारी या अख्ख्या वर्धा जिल्ह्यात मी एकटीच असन. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळं राह्यते अन् दुसऱ्या दिवशी लालसर होते, लहानपणापासून पाह्यलेलं हाये मी ते, पण यंदा मले पाहावलं नाई. पिवळ्याचं लाल झालेलं दिसलं की मी मान फिरवून घेवो.

काय भेव होतं ते सांगूनच टाकते. सिकलसेल म्हणतात त्याले. रक्तातल्या लाल पेशी गोल राह्यतात, चपट्या, मधात दबलेल्या. या आजारात त्या वाकतात, विळ्यासारख्या होतात, अन् बारीक नळ्यायमंधी अडकून बसतात. माह्याजवळ रक्ततपासणीचं पिवळं कार्ड हाये. आरूच्या पप्पाजवळ पिवळं कार्ड हाये. पिवळं म्हंजे आजार नाई, आजाराचा अर्धा हिस्सा अंगात घेऊन फिरणं. दोन पिवळ्यायचं लेकरू पांढरं निघू शकते, म्हंजे काहीच नाई, पिवळं निघू शकते, नाई त लाल. लाल म्हंजे आजार. हातपाय सुजणं, हाडं दुखणं, रक्त कमी पडणं, अन् जनमभर दवाखाना. आरूचं कार्ड अजून कोणत्याच रंगाचं नव्हतं. कपाशी फुटेपर्यंत माह्या लेकीले रंगच नव्हता.

मले दम लागते. बाळंतपणात रक्त गेलं ते भरून नाई आलं, गोळ्या सुरू हायेत, तोंडाले सदा लोखंडाची चव. आंगणातून पाण्याचा गुंड आणला तरी वट्ट्यावर बसा लागते. लिहितानाही मधातच थांबा लागते, म्हून हे असं तुटक तुटक होऊन राह्यलं. लिहून राह्यली नववीच्या प्रयोगवहीत. मागची पानं कोरीच होती. लग्नाच्या पेटीत साड्यायच्या खाली ही वही मी आणली, कोणाले समजलं नाई, समजलं असतं त हासले असते. अर्धी अकरावी करून शाळा सोडलेल्या पोरीले कांद्याच्या पेशीचं चित्र कायले पाहिजे?

पण पाहिजे होतं मले. पहिल्याच पानावर हाये ते. पेन्सिलनं काढलेला कांद्याचा पापुद्रा, विटायच्या भितीसारखा, एकेका विटेत एकेक ठिपका. खाली आमच्या सायन्सच्या मॅडमची लाल सही.

आमच्या शाळेत एकच मायक्रोस्कोप होता. आर्वीच्या पुढं माहं माहेर, तिथली शाळा, दोन खोल्या पत्र्याच्या अन् तीन सिमेंटच्या. मायक्रोस्कोप लाकडी पेटीत, पेटीले कुलूप, अन् कुलपाची चाबी उमाटे मॅडमच्या पर्समधी. उमाटे मॅडम आम्हाले सायन्स शिकवत. त्या मायक्रोस्कोपले लाईट नव्हता, खाली एक उलसा आरसा होता, तो उजेडाकडे फिरवा लागे. सूर्याकडे नाई, बाजूच्या आभाळाकडे, नाई त डोळा जाईन, हे मॅडम दहा दहा वेळा सांगत. म्हून प्रयोग सारे हिवाळ्यातच, आभाळ निरं धुतल्यासारखं राहे तवा. खिडकीतला उजेड सरकला की मॅडम टेबल सरकवत, अन् टेबलासंगं अख्खा वर्ग सरके.

खिडकीच्या बाहेर कपाशीच होती. फुटलेली. वर्गातल्या अर्ध्या पोरी सकाळी दोन तास कापसाचा वेचा करूनच शाळेत येत, त्यायच्या फ्रॉकले, वेण्यायले कापूस चिकटलेला राहे. बाहेर पांढरं, आत पांढरं. मले आता आठवलं त ती शाळा जमिनीवर होती असं वाटतच नाई. ढगात ठेवल्यासारखी दिसते.

कांदा माह्याच घरून गेलता. मॅडमनं त्याची फोड केली, आतला पापुद्रा चिमट्यानं ओढला, इतका पातळ का काचेवर ठेवला त दिसेच ना. त्याच्यावर आयोडीनचा थेंब. मंग आमची रांग. माहा नंबर आला, अन् माही पंचाईत अशी का मले एक डोळा मिटता येत नाई, दोन्ही मिटतात. ओढणी धरली एका डोळ्यावर. पह्यले काळं दिसलं. मंग केस दिसले, मोठाले, वाकडे.

"मॅडम, कांद्यात केस हायेत!"

"बाई, तुह्याच पापण्या हायेत त्या," मॅडम म्हणे.

वर्ग जो हासला! माही मैत्रीण कांचन त बाकावर आडवी पडली. "हिच्या घरच्या कांद्यात केस! आजपासून हिच्या घरी कोणी जेवू नका वं!"

मॅडमनं माह्या मागून हात घालून चाकी उलशी फिरवली. अन् मंग ते आलं. पाण्याच्या तळातून वर आल्यासारखं आलं. खोल्या. एकीले लागून एक, एकीले लागून एक, भिताडं सारखी, अन् हर खोलीत एक दिवा लावल्यासारखा ठिपका. गावावरून उडत चाललेल्या पाखराले गाव असंच दिसत असन. मी विचारलं, "मॅडम, कोण राह्यते तिथं?"

मॅडम हासल्या नाईत. म्हणे, "कांदा राह्यते."

त्या दिवशी घरी माय कांदा चिरून राह्यली होती, अन् मले तिचा हात धरावासा वाटला.

दुसऱ्या खेपेले मॅडमनं कांचनच्या वेणीतूनच कापूस काढला. एक तंतू काचेवर ठेवला. म्हणे, "हा अख्खा तंतू म्हंजे एकच पेशी हाये. सरकीच्या सालावरची एक पेशी, लांब लांब झालेली." आम्हाले खरं नाई वाटलं. तंतू चांगला बोटाच्या पेरापेक्षा लांब, अन् कांद्याची पेशी त दिसतच नव्हती डोळ्यानं. मी पाह्यलं. फीत होती ती, चपटी, पीळ पडलेली. मॅडम म्हणे, "बोंडात होती तवा गोल नळी होती, आत रस होता. बोंड फुटलं, वाळली, चपटी झाली, पीळ पडला. हा पीळ हाये म्हून सूत निघते, नाई त तंतू तंतूले धरणारच नाई." म्हंजे आम्ही रोज ओटीत घालून आणत होतो त्या पेशी होत्या, मेलेल्या, लाखोनं. अन् अंगावर घालत होतो त्याही.

यंदा आरूच्या झबल्यावर हात फिरवताना मले ते सारं परत आलं. दुपारी घरात कोणी नाई राह्यत. आरू माह्या छातीवर निजते. रेल्वेची गाडी पुलगावात शिरताना भोंगा देते, तो इतक्या दूर येईपर्यंत मऊ होऊन येते. तिचा श्वास माह्या गळ्यावर लागते, गरम, ओला. माहा श्वास तिच्या टाळूवर. मी उचलून धरते छाती, दम लागू नये म्हून हळू हळू सोडते, अन् डोळे मिटले की फळ्यावरचं उमाटे मॅडमचं अक्षर दिसते. पातळ. ओलं. पसरलेलं.

तो धडा देवाणघेवाणीचा होता. मॅडम म्हणे, अंगात जिथं जिथं काही आत घ्यायचं अन् काही बाहेर द्यायचं राह्यते, तिथली जागा तीन गोष्टीची पाहिजे. पातळ पाहिजे, म्हंजे लवकर पार जाईन. ओली पाहिजे, म्हंजे विरघळून जाईन. अन् पसरलेली पाहिजे, म्हंजे पुष्कळ जाईन. फुप्फुसात उलशे उलशे फुगे राह्यतात, द्राक्षाच्या घोसासारखे, ते सारे उघडून पसरवले त आपल्या वर्गाच्या जमिनीपेक्षाही जास्त होईन. द्राक्षाचे घोस आमच्या गावात कोणी पाह्यले होते? मले आमच्याइथली लंबी रोटी आठवली. माय कणीक पातळ करे, हातावर झेलत झेलत लांब करे, कोपरापर्यंत, उजेड आरपार दिसे इतकी, अन् चुलीवरच्या उलट्या माठावर पसरवे. मंग भाजली की घडी घालून टोपल्यात ठेवे. एवढी मोठी रोटी अन् एवढीशी घडी.

मी उभी राह्यली अन् म्हटलं, "मॅडम, फुप्फुस म्हंजे लंबी रोटी. घडी घालून ठेवलेली."

पुन्हा हासले सारे. कांचन म्हणे, "हिले सदा खायचंच दिसते वं." पण मॅडमनं खडू उचलला अन् फळ्यावर लिहिलं, लंबी रोटी. खाली रेघ मारली. माह्या सात पिढ्यात कोणाचं बोलणं फळ्यावर नव्हतं गेलं.

त्याच धड्यात वार होती. आईच्या पोटातली. पोरीयनं माना खाली घातल्या. मॅडम म्हणे, खाली काय पाह्यता, इकडे पाहा. वारेत आईचं रक्त एकीकडून वाह्यते, लेकराचं दुसरीकडून, मधात पातळ पडदा. रक्तात रक्त मिसळत नाई. हवा जाते, जेवण जाते, घाण परत येते. पण रक्त आपापलं. मले ते तवा समजलं नाई. आरू पोटात असताना रोज समजे. मी वट्ट्यावर बसून दोघींसाठी श्वास घेवो, अन् वाटे, मधात पापुद्रा हाये, कांद्याचा असते तसा, त्याच्या पलीकडे ती अन् अलीकडे मी. मंग माह्याकडून तिच्यात काय गेलं असन? रक्तातून नाई गेलं. त्याच्याही आधी गेलं. ती एकच पेशी होती, कापसाच्या तंतूपेक्षाही लहान, अर्धी माही, अर्धी तिच्या पप्पाची, तवाच काय ते ठरलं. मी काय खाल्लं, काय नाई खाल्लं, गरवारपणात गाडीवर काऊन बसली, याच्यानं काही झालं नाई. हे मले मॅडममुळं माहीत होतं. तरी रोज सकाळी मी आरूचे हात दाबून पाहो. बोटं सुजली का. डोळे पिवळे दिसतात का. आत्याबाई, म्हंजे माह्या सासूबाई, म्हणत, "काय वं, बाजारात भेंडी निवडल्यासारखे हात दाबतं लेकराचे!"

त्याच नववीच्या हिवाळ्यात शाळेत कॅम्प आला होता. पोरापोरीयची रांग, बोटाले सुई, रक्ताचा थेंब. पंधरा दिवसानं कार्डं आली. कांचनचं पांढरं, माहं पिवळं. उमाटे मॅडमनं पिवळ्या कार्डाच्या आम्हा चौघीयले वेगळं बसवलं, विळ्याचं चित्र काढलं, समजावून सांगतलं. म्हणे, "तुम्हाले आजार नाई. पण लग्नाच्या वेळी समोरच्याचं कार्ड विचारजो. पिवळ्यानं पिवळ्याशी करू नये. घरी सांगजो."

लग्न म्हटलं अन् आम्ही चौघी तोंडात ओढणी कोंबून हासलो. संपलं.

घरी आली. माय सरकी वेगळी करत बसली होती. मी म्हटलं, "माय, शाळेतून कार्ड भेटलं. पिवळं." पुढचं सांगाले तोंड उघडलं, पण लग्न हा शब्द मायसमोर कसा काढाचा? काढलाच नाई.

माय लिहिणंवाचणं शिकली नाई. तिले कार्ड एकच माहीत, रेशनचं. पांढरं बंगलेवाल्यायचं, केशरी मधातल्यायचं, अन् पिवळं आपल्यासारख्यायचं, धान्य भेटाचं. तिनं हात पुसले, कार्ड उजेडात धरलं, अन् म्हणे, "पिवयं? बरं झालं वं माय." खुंटीवरची रेशनकार्डाची प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात ते नीट सरकवलं, अन् पिशवीले गाठ मारली. सांजच्याले शेजारणीलेही सांगतलं तिनं, पोरीच्या नावानं वेगळं पिवयं कार्ड निघालं म्हून.

त्या पिशवीत ते सहा वर्षं राह्यलं. मायचे टोंगळे गेले, बसता-उठता येईना, वेचा माह्यावर आला, अकरावी अर्ध्यातच सुटली. मले पाहाले पाव्हणे आले त्या दिवशी मी पोह्याचं ताट घेऊन आली अन् समोर खुंटीवर तीच पिशवी. खरं सांगते, मले आठवलं. तवा आठवलं. मॅडमचं अक्षर, विळा, सारं. अन् आत्याबाई, तवा त्या पाव्हण्याच होत्या, म्हणे, "पोरीले काही विचाराचं असन त विचारू द्या बाप्पा. आजकालच्या पोरी हायेत."

सारे माह्याकडे पाहाले लागले. मी पिशवीकडे पाह्यलं. जिभेवर होतं ते. तुमचं कार्ड कोणतं? अन् माह्या तोंडातून निघालं, "तुमच्याइथं नळाले रोज पाणी येते का?"

तेही हासले, मायही हासली. पोरगा, आता आरूचे पप्पा, मान वर न करता म्हणे, "दिवसाआड येते."

सोयरीक झाली.

त्याच्यावर आता काय बोलू? कोणी फसवलं नाई. कोणी लपवलं नाई. सातव्या महिन्यात उपकेंद्रात माहं रक्त तपासलं, सिस्टर म्हणे, पिवळी हायेस, नवऱ्याचंही तपासा लागन, लवकर आली असतीस त लेकराचं पोटातच पाहाता आलं असतं. मी घरी सांगतलं. आत्याबाई भडकल्या. "माह्या पोराले काही नाई. हे दुखणं तुह्या माहेरचं हाये, आमच्या घरात घालू नको." आरूचे पप्पा पुलगावले कापडाच्या दुकानात कामाले हायेत, ते नुकतेच आले होते. म्हणे, "थांब ना आई. शाळेत असताना माहंही बोट टोचलं होतं. कार्ड दिलतं कोणतं तरी. तुह्याजवळच दिलतं मी."

आत्याबाईनं खुंटीवरून पिशवी काढली. प्लास्टिकची, गाठ मारलेली. गाठ सोडली. रेशनकार्डाच्या मागं, घडी घातलेलं, पिवळं.

"हे? हे त मले वाटे रेशनचंच हाये," आत्याबाई म्हणे. "पोराच्या नावाचं."

मी हासाले लागली. थांबताच येईना. दोन गावं, दोन माया, दोन खुंट्या, अन् एकच पिशवी. दम लागला, डोळ्यासमोर अंधारी आली, आत्याबाई घाबरून माही पाठ चोळत होत्या अन् मी हासत होती, मंग ते हासणं कुठं रडण्यात गेलं ते मलेच समजलं नाई. त्या दिवसापासून आत्याबाईनं माहेरचं नाव नाई काढलं. उलट मले रोज गूळ-शेंगदाणे, बीट, जवसाची चटणी. "खाय," म्हणत, "तुह्या अंगात रक्त कुठं हाये."

आरूचे पप्पा बोलत नाईत जास्त. आरू झाल्यावर एक दिवस दुकानातून भिंग घेऊन आले, कापडाचे धागे मोजाचं, उलसं, घडीचं. म्हणे, "शेठजीनं दोन दिवसासाठी देलं. तुले आवडते ना हे." मी त्या भिंगातून सारं पाह्यलं. झबल्याचा धागा, त्यातला पीळ. आरूच्या बोटाच्या शिरा. तिच्या ओठाचा काठ, जिथं कातडी संपते अन् लाल सुरू होते. लय पाह्यलं. रक्त दिसत नाई त्यातून. तेही माह्या खांद्यावरून वाकून पाहत होते. म्हणे, "काय दिसते?" मी म्हटलं, "काई नाई. पोरगी दिसते." ते म्हणे, "मंग ठीक हाये."

अन् कपाशी फुटली. कोणाच्या म्हणण्यानं थांबते ती? दिवाळीच्या मागंपुढं एके सकाळी वावर पांढरं दिसलं. वेच्याच्या पहिल्या दिवशी आमच्याइकडे सीतादही करतात. वावरात दगड मांडायचे, त्यायले चुना लावायचा, दहीभाताचा निवद ठेवायचा, मंग पहिलं बोंड वेचायचं. आत्याबाईनं सारं केलं. मी आरूले कडेवर घेऊन उभी. हात जोडले, पण मागावं काय ते सुचेना, कारण मॅडमच्या हिशोबानं मागून काई बदलणारं नव्हतं, जे हाये ते पहिल्या पेशीपासून होतं.

सिस्टरनं मले बोटावर सांगतलं होतं. चारात एक पांढरं, चारात दोन पिवळे, चारात एक लाल. माह्या हाताले पहिलं बोंड आलं त्याले चार पाकळ्या. तीन फुललेल्या, मऊ. चौथी अळीनं खाल्लेली, पिवळट, कडक, कवडी झालेली. मले माहीत हाये का बोंडात काही लिहून नाई राह्यत. तरी मी तिथंच सरीत बसली.

"काऊन बसली वं? दम लागला?" आत्याबाई आल्या. माह्या हातातलं बोंड पाह्यलं. मंग माह्याकडे पाह्यलं, मंग आरूकडे. काय समजल्या त्यायलेच माहीत. त्यायनं तीन पाकळ्या ओटीत टाकल्या, अन् चौथी मी फेकाले गेली त हात धरला. "फेकत नसतात. कवडी वेगळी वेचा लागते, बाजारात नाई चालत पण आपल्या घरच्या गादीत भरतो आपण. तू अन् हे लेकरू निजता ना त्याच्यावर." अन् पदराच्या दुसऱ्या टोकात ती पाकळी गाठ मारून ठेवली.

दोन आठवड्यानं आम्ही वर्ध्याले गेलो. दवाखान्यात आरूच्या हाताले रबर बांधलं, सुई गेली, ती रडली, मंग रडता रडता श्वासच अडकला तिचा, तोंड उघडं अन् आवाज नाई. त्या एका घडीत माह्या फुप्फुसाच्या साऱ्या घड्या मिटून गेल्या. मंग तिनं श्वास घेतला, मंग मी घेतला. आठ दिवसानं या म्हणे.

ते आठ दिवस कसे गेले ते मले सांगता नाई येत. वेचा सुरू होता, घरात कापसाचा ढीग, आरूले त्याच्या बाजूले निजवलं की ती ढगावर निजल्यासारखी दिसे. मी पाहत बसो. पांढरं, पांढरं, सारं पांढरं, अन् मधात माही बिनरंगाची पोरगी.

नवव्या दिवशी गेलो. आरूचे पप्पा खिडकीवर रांगेत लागले, मी तिले घेऊन लॅबच्या दाराशी. आत एक ताई मायक्रोस्कोपवर वाकलेली. तिच्या मायक्रोस्कोपले खाली लाईट होता, आरसा नव्हता. तिनं मान वर केली. "काय पाह्यजे?"

मी म्हटलं, "ताई, एक डाव पाहू द्याल?"

"तुम्ही लॅबचं शिकल्या का?"

"नाई. नववीत पाह्यला होता. कांदा."

तिले काय वाटलं कोण जाणे. आरूच्या झोपलेल्या तोंडाकडे पाह्यलं, नाव विचारलं, काचांच्या डब्यातून एक काच शोधून लावली. "तुमच्या पोरीचीच हाये. पण हे पाहून रिपोर्ट नाई समजत बरं, तो मशीनचा राह्यते."

मी आरूले खांद्यावर टाकलं अन् एका हातानं पदर डोळ्यावर धरला. पह्यले काळं. मंग केस, मोठाले, वाकडे. या वेळेस मी कोणाले काही म्हटलं नाई. चाकी उलशी फिरवली. अन् आलं ते, पाण्याच्या तळातून वर आल्यासारखं. गोल, गोल, फिक्या गुलाबी, मधात दबलेल्या. कितीतरी. लंब्या रोटीचे उंडे पसरवल्यासारखे. विळा दिसला नाई मले, पण मले विळा ओळखता तरी येते का? मी विचारलंही नाई. इतक्या साऱ्या, अन् हर एक माह्या लेकीची. कोण राह्यते तिथं? आरू राह्यते.

मागून आरूचे पप्पा आले. त्यायच्या हातात कार्ड होतं. त्यायनं ते समोर धरलं.

पिवळं.

मी दवाखान्याच्या पायरीवर बसली. मायले फोन लावला. मधातल्या वर्षात मायले सारं समजलं होतं, आरू पोटात असताना मीच सांगतलं होतं, अन् तिनं त्या दिवशी चूल नव्हती पेटवली. रिंग गेली, गेली, मंग उचलला.

"माय, आरूचं कार्ड भेटलं. पिवळं."

 तिकडून मायचा श्वास आला, मोठा, थरथरता.

"पिवयं?" ती म्हणे. "बरं झालं वं माय. बरं झालं."

 मंग ती हळूच म्हणे, "रेशनच्या पिशवीत नको ठेवू आता."

नाई ठेवलं. या वहीत चिकटवलं, शिजलेल्या भातानं, कांद्याच्या पापुद्र्याच्या समोरच्या पानावर. ही पोरगी एक दिवस नववीत जाईन, तिलेही लग्न म्हटलं का हासू येईन, म्हून खाली पेन्सिलनं लिहून ठेवलं, मॅडमसारखं अक्षर काढून, दम लागला तिथं थांबून:

आरू, पाहाले येईन त्याले पह्यले कार्ड विचारजो. नळाले पाणी येते का नाई, ते मंग.